स्टीलच्या फ्युएल लाइनला रबरी होज जोडणे

टाकीपासून इंजिनपर्यंत पेट्रोल किंवा डिझेल नेणारी लाइन बऱ्याच गाड्यांत स्टीलची असते, पण ती अख्खी स्टीलची ठेवून चालत नाही, कारण इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, ते हलतं, थरथरतं आणि चॅसी मात्र जागची हलत नाही, मग मधे कडक पाइप असला तर तो आज ना उद्या तडकणारच. म्हणून टाकीजवळ, फिल्टरपाशी आणि इंजिनपाशी होजचे छोटे तुकडे टाकतात. गंजलेला पाइप कापून मधला भाग बदलतानाही हेच करतात. काम दिसायला अगदी सोपं, होज सरकवा आणि क्लॅम्प (होजभोवती आवळायची धातूची पट्टी) आवळा, आणि सोपं दिसतं म्हणूनच ते सगळ्यात जास्त वेळा चुकीचं केलं जातं.

इथे कळीचा भाग म्हणजे बीड. पाइपच्या टोकाजवळ गोल फिरलेला जो उंचवटा असतो तो. होज या उंचवट्यावरून पुढे सरकवायची आणि क्लॅम्प त्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे पाइपच्या सरळ भागावर बसवायचा, बरोबर उंचवट्यावर नाही आणि पाइपच्या टोकावर तर नाहीच. मग प्रेशर आलं आणि होज निसटायला लागली तरी क्लॅम्प बीडला अडतो. नुसत्या गुळगुळीत पाइपवर होज चढवून क्लॅम्प कितीही आवळला तरी ती फक्त घर्षणावर टिकलेली असते, आणि गरम होऊन रबर नरम पडलं की सटकते. कार्ब्युरेटरच्या गाडीत प्रेशर साधारण 4 ते 7 पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) असतं, तिथे असा जोड बरेच दिवस चालूनही जातो आणि लोकांना वाटतं हे बरोबर आहे, पण फ्युएल इंजेक्शनमध्ये तेच 40 ते 60 पीएसआय असतं, तिथे ही सवय धोक्याची आहे.

पाइप कापल्यावर फॅक्टरीतला बीड गेलेला असतो, तो परत करावा लागतो. त्यासाठी बीडिंग टूल मिळतं, नाहीतर डबल फ्लेअरच्या टूलने (पाइपचं टोक दोन स्टेपमध्ये फुगवून दुमडायचं टूल) फक्त पहिली स्टेप करून थांबायचं, तेवढ्याने टोकाला फुगीर कडा तयार होते. हे जमत नसेल तर बार्ब (होज अडकून बसावी म्हणून खाचा असलेलं टोक) असलेलं योग्य मापाचं कॉम्प्रेशन फिटिंग, म्हणजे नट आवळून पाइपवर पकड घेणारा जोड, लावता येतं. कापायला ट्यूब कटरच घ्यावा, हॅकसॉने कापलं की लोखंडाचा चुरा आत जातो आणि पुढे इंजेक्टरमध्ये अडकतो. कटरनेही आतल्या बाजूला धार राहते, ती घासून काढायची, बाहेरचा गंज आणि पेंट पॉलिश पेपरने साफ करायचा. खड्डे पडलेल्या गंजक्या पाइपवर होज नीट बसतच नाही, तिथे चांगला पाइप लागेपर्यंत मागे कापत जायचं.

होज कुठलीही चालत नाही. पाणी, हवा किंवा कूलंटची होज पेट्रोलने फुगते आणि आतून सोलून निघते. होजवर एसएई जे30 हे स्टँडर्ड आणि पुढे ग्रेड छापलेली असते, आर7 कमी प्रेशरला, म्हणजे कार्ब्युरेटर आणि रिटर्न लाइनला (जास्तीचं इंधन टाकीत परत नेणारी लाइन), आर9 इंजेक्शनला, हिच्यात आतून फ्लुओरोइलॅस्टोमरचा (इंधनाला टिकणाऱ्या खास रबराचा) थर असतो त्यामुळे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलही ती बऱ्यापैकी सोसते. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या तुकड्याला मात्र आर10 लागते, कारण आर9 चं बाहेरचं कव्हर बुडवून ठेवण्यासाठी बनलेलंच नसतं. डायरेक्ट इंजेक्शनची (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी पद्धत) हाय प्रेशर बाजू आणि डिझेलची कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना इंधन पुरवणारी एकच हाय प्रेशर नळी) यांचा विषयच वेगळा, तिथे शेकडो बार (1 बार म्हणजे साधारण 14.5 पीएसआय), कॉमन रेलला तर हजाराच्याही वर प्रेशर असतं, तिथे रबरी होज कधीच लावायची नाही.

माप अचूक हवं. बाहेरून 8 मिमी पाइपला आतून 8 मिमीचीच होज, मोठी होज घेऊन क्लॅम्पने दाबून बसवली की रबराला घडी पडते आणि त्या घडीतून गळतं. होज साधारण 25 मिमी तरी पाइपवर चढली पाहिजे. जाताना अडत असेल तर आतून त्याच इंधनाचा किंवा स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावावा, सिलिकॉन सीलंट अजिबात नको, ते पेट्रोलमध्ये टिकत नाही आणि त्याचे तुकडे आत जातात. क्लॅम्पही नेहमीचा खाचांच्या पट्टीचा नको, त्या खाचांत रबर घुसून कापलं जातं. इंजेक्शनसाठी कडा वळवलेला, आतून सपाट पट्टीचा आणि नटबोल्टचा क्लॅम्प येतो तो घ्यावा, आणि रबर पट्टीच्या कडेने फुगून वर येईल इतका आवळू नये.

काम सुरू करायच्या आधी लाइनमधलं प्रेशर उतरवायचं, पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची. तरी थोडं इंधन उरतंच, जोड सोडताना फडकं गुंडाळायचं आणि डोळ्यांना चष्मा हवाच. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते ते) उणे 40 अंश सेल्सियसच्या आसपास आहे, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते, त्यामुळे बाजूला ग्राइंडर, हीटर किंवा उघडा दिवा असेल तर आधी तो बंद. तेलाच्या आगीवर चालणारा एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवावा.

होजला पीळ किंवा तीव्र वळण नको, एक्झॉस्टपासून लांब आणि चॅसीच्या धारेवर घासणार नाही अशी, इंजिन हललं तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवून. बॅटरी जोडल्यावर लगेच स्टार्टर मारायचा नाही, इंजेक्शनच्या गाडीत चावी नुसती ऑन करून पंपाला प्रेशर बनवू द्यायचं, दोनतीन वेळा, आणि प्रत्येक वेळी जोडावर कोरडा टिश्यू फिरवून बघायचा. मग इंजिन चालू करून परत, आणि गरम झाल्यावर बंद करून पुन्हा एकदा. पंप इंजिनजवळ असलेल्या गाडीत टाकी ते पंप ही खेचणारी बाजू असते, तिथला सैल जोड गळेलच असं नाही, तो हवा ओढतो, डिझेल गाडी सकाळी लवकर स्टार्ट होत नाही त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, तिथे टिश्यू कोरडा निघाला म्हणून जोड ठीक आहे असं धरायचं नाही.

पुढेही सर्व्हिसिंगला होज दोन बोटांत दाबून बघावी. कडक झालेली, बारीक भेगा पडलेली किंवा लिबलिबीत लागली तर क्लॅम्प आवळून उपयोग नाही, तुकडाच बदलावा, आणि सोबत क्लॅम्पही नवा.