'सुख आपल्यातच आहे' हे आलं कुठून?

घर सोडून निघालेले ऋषी याज्ञवल्क्य आपल्या दोन बायकांपैकी एकीला म्हणतात, मैत्रेयी, तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. ती विचारते, धनाने भरलेली सगळी पृथ्वी माझी झाली तर मी अमर होईन का? ते सरळ नाही म्हणतात. साधनसंपन्न माणसं जगतात तशी जगशील, एवढंच. बृहदारण्यक उपनिषदातला हा संवाद. त्यातच पुढे येतं, 'आत्मनस्तु कामाय सर्वं प्रियं भवति': नवरा, मुलं, धन, सगळं प्रिय वाटतं ते आत्म्यासाठी. काहींना यात स्वार्थाचं समर्थन दिसतं. मला ते पटत नाही, कारण लगेच याज्ञवल्क्य सांगतात की हा आत्मा पाहावा, ऐकावा, त्याचं मनन करावं. गोडी वस्तूतून येत नसेल तर जिथून येते तिथे बघ, असं ते सांगताहेत.

तैत्तिरीय उपनिषद तर आनंद मोजायलाच बसतं. तरुण, सज्जन, शिकलेला, धट्टाकट्टा माणूस आणि त्याच्या हाती धनाने भरलेली पृथ्वी, हे माणसाच्या आनंदाचं एक माप. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वाचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वाचा. पितर, देव, इंद्र, बृहस्पती असं करत दहा वेळा शंभराने गुणून गणित ब्रह्मापर्यंत जातं. आणि गंधर्वांपासून पुढे दर पायरीला एकच पालुपद: 'श्रोत्रियस्य चाकामहतस्य'. वेद जाणणारा आणि कामनेने घायाळ न झालेला जो आहे, त्यालाही तेवढाच आनंद. 'अकामहत' या शब्दाशी मी दर वेळी थबकतो. इथे संसारातल्या सुखाला कुणी खोटं म्हणत नाही. उलट मोजणीचं एकक तेच आहे.

गीतेत हाच धागा स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत येतो, 'आत्मन्येवात्मना तुष्टः': स्वतःतच, स्वतःनेच संतुष्ट असलेला.

सगळ्यांना हे मान्य होतं असं मात्र नाही. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेत, मोक्ष म्हणजे दुःखाचा कायमचा शेवट. भाष्यकार वात्स्यायनांची हरकत अशी, की नित्य सुखाची ओढ धरली तर तीही आसक्तीच, मग सुटका कसली? प्रश्न खरा आहे. उपनिषदांवर उभ्या असलेल्या वेदान्ताचं उत्तर असं, की आनंद मिळवायचा नसतोच. तो आत्म्याचं स्वरूप आहे, अज्ञानाने झाकलेलं.

गीतेतला हा विचार ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशाला मराठी ओवीत आणला. सतराव्या शतकात तुकोबांनी म्हटलं, 'आनंदाचे डोही आनंद तरंग'. पाणी आनंदाचं, लाटही आनंदाचीच. कीर्तनात ही ओळ ऐकताना मला त्याच गाथेतला दुसरा अभंग हमखास आठवतो. दुष्काळाने द्रव्य आटवलं, मान नेला, आणि 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'.