प्रीमियर नाटकाचा, अरंगेत्रम मुलीचं

गेल्या उन्हाळ्यात परभणीहून चुलतभावाचा फोन आला. छापखान्यातूनच बोलत होता. "दादा, पोरीच्या डान्सची पत्रिका छापायलोय. वर काय लिहू? हा माणूस म्हणायलाय ‘प्रीमियर’ टाका, भारी वाटतंय."

मी विचारलं, "पहिल्यांदा काय व्हायलंय? नाच पहिल्यांदा व्हायलाय, का पोरगी पहिल्यांदा नाचायलीय?"

"एकच झालं की!"

एकच नाही. सगळा घोळ तिथेच आहे.

प्रीमियर हा शब्द मुळात फ्रेंच. अर्थ ‘पहिला’, आणि त्यातूनच ‘अव्वल’. प्रीमियर पद्मिनी गाडीत आणि क्रिकेटच्या प्रीमियर लीगमध्ये तोच शब्द अव्वल या अर्थाने बसलाय. नाटक-सिनेमात मात्र प्रीमियर म्हणजे त्या कलाकृतीचा लोकांसमोरचा पहिला खेळ. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत ‘शुभारंभाचा प्रयोग’ म्हणतात, तो हाच. नट साठ वर्षांचा असो, चाळीस नाटकं केलेला असो, नाटक नवं असलं की झालं.

भावाच्या पोरीचं होतं ते अरंगेत्रम. हा शब्द तमिळ आहे. ‘अरंगु’ म्हणजे रंगमंच आणि ‘एट्रम’ म्हणजे चढणं. भरतनाट्यम शिकणारी मुलगी (आता मुलगेही) सात-आठ-दहा वर्षं घासल्यावर, गुरूंनी ‘आता उभी राहा’ म्हटल्यावर, एकटीने पूर्ण कार्यक्रम करते, ते अरंगेत्रम. यात नवी असते ती मुलगी. ती जे नाचते ते जुनं असतं, आणि ते जुनं असणं महत्त्वाचं आहे. अलारिप्पू या सुरुवातीच्या नाचापासून तिल्लाना या शेवटच्या नाचापर्यंतचा जो क्रम आज बहुतेक ठिकाणी पाळतात, तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरच्या चार नट्टुवनार (नृत्यगुरू) भावांनी बसवला. तेही दुसऱ्या सरफोजीराजांच्या, म्हणजे मराठ्यांच्याच दरबारात. त्यामुळे हा शब्द आपल्याला फारच परका आहे असं समजायचं कारण नाही. या क्रमात मधला मोठा नाच म्हणजे वर्णम, तो एकटाच अर्धा-पाऊण तास चालतो, आणि मुलगी खरंच तयार आहे का ते तिथे कळतं. गुरू बाजूला बसून हातातल्या झांजांवर बोल देत असतात. मुलीइतकीच त्यांचीही परीक्षा असते.

फरक ओळखायची माझी युक्ती साधी आहे. षष्ठीचा प्रत्यय कुणाला लागतो ते बघा. ‘नाटकाचा शुभारंभ झाला’, ‘सिनेमाचा प्रीमियर झाला’, पण ‘तिचं अरंगेत्रम झालं’. ‘वर्णमचं अरंगेत्रम’ कुणी म्हणत नाही आणि ‘आमच्या पिंकीचा प्रीमियर’ म्हटलं की पिंकी पडद्यावर लागल्यासारखी वाटते.

दोन्ही गोष्टी एकाच नाटकात किती लांब पडू शकतात ते ‘संगीत शाकुंतल’मध्ये दिसतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्याचा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला केला, तोही पहिल्या चारच अंकांचा. नाटक असं अर्धं घेऊनही उभं राहू शकतं. अरंगेत्रम अर्धं होत नाही. मग १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. नाटक पंचवीस वर्षांचं जुनं, माणूस कोरा. तो प्रीमियर नव्हता, ते पदार्पण होतं.

पदार्पण हा तिसरा शब्द मधे आला, तर त्याचंही सांगून टाकतो. पदार्पणही माणसाचंच असतं, पण त्याला शिक्षण पुरं झाल्याची अट नाही. सचिन तेंडुलकर १९८९ मध्ये कराचीत सोळाव्या वर्षी कसोटीत उतरला, ते पदार्पण. राजकारणात तर काहीही न शिकता पदार्पण करता येतं. अरंगेत्रमच्या मागे मात्र गुरूची परवानगी उभी असते. ओडिसीत ‘मंचप्रवेश’ म्हणतात, कन्नड भागात ‘रंगप्रवेश’. कथकवाल्यांचं गंडाबंधन यात घुसडू नका, ते म्हणजे शिकायच्या सुरुवातीला गुरूकडून हातात धागा बांधून घेणं. आपल्या कीर्तनात तर यासाठी वेगळा शब्दच नाही. वर्षानुवर्षं टाळ घेऊन मागे उभा असलेला पोरगा एके दिवशी पुढे येतो आणि अभंग धरतो. पत्रिका नाही, काही नाही.

आता हे सगळं नीट लावल्यावर तमिळच आपली पंचाईत करतं. तिकडे अरंगेत्रम ग्रंथाचंही होत असे. कंबन कवीने आपलं रामायण श्रीरंगमच्या देवळात विद्वानांपुढे वाचून मान्य करून घेतलं अशी परंपरा आहे, आणि त्या वाचनालाही अरंगेत्रमच म्हणतात. म्हणजे मुळात हा शब्द कलाकृतीलाही लागत होता! ‘शिलप्पदिकारम’ या जुन्या तमिळ महाकाव्यात मात्र तो माणसाचा आहे. तिथली माधवी सात वर्षं शिकून बाराव्या वर्षी चोळ राजासमोर नाचते. मराठीत आला तो हा दुसरा अर्थ, नृत्यवर्गांच्या वाटेने. त्यामुळे मराठीत लिहिताना वरचा प्रत्ययाचा नियम मी सोडत नाही. कुणी तमिळ माणूस कंबनाचं उदाहरण देऊन भांडला, तर त्याचं बरोबर आहे हे कबूल करायचं.

इकडे मराठवाड्यात प्रीमियरची गंमत वेगळीच. नाटक मुंबई-पुण्याला शुभारंभ करतं आणि संभाजीनगरच्या एकनाथ रंगमंदिरात किंवा नांदेडला येईपर्यंत त्याचे किती प्रयोग होऊन गेलेले असतात. तरी फलकावर ‘प्रथमच’ असतंच. खोटं नाही ते, आपल्या गावात प्रथमच. पण ते ‘गावात’ बारीक अक्षरात असतं. टीव्हीवरच्या ‘वर्ल्ड टेलिव्हिजन प्रीमियर’चीही तीच तऱ्हा. खऱ्या शुभारंभाचं भाग्य आपल्याला राज्य नाट्य स्पर्धेत मिळतं, कारण तिथे नव्या संहिता येतात. आणि कधीतरी लक्ष्मण देशपांड्यांसारखा माणूस निघतो. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांनीच लिहिलं, त्यातली बावन्न पात्रं त्यांनी एकट्याने उभी केली, आणि ते आपल्या औरंगाबादचं. तिथे नाटक आणि माणूस वेगळे काढणं अवघड, पण पहिला खेळ झाला तो शुभारंभच. माणूस त्याआधीपासून रंगभूमीवर होता.

जुनं नाटक नव्या नटांनी केलं तर? प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ १९९१ चं, २०२२ मध्ये परत आलं. अशा वेळी ‘नव्या संचात’ हे दोन शब्द जोडावेत. ते गाळून नुसतं ‘शुभारंभ’ लिहिलेलं मला खटकतं.

भावाला एवढं सगळं फोनवर सांगितलं नाही. ‘अरंगेत्रम’ लिही, खाली कंसात ‘भरतनाट्यम एकल रंगमंचप्रवेश’ टाक, म्हटलं. छापखानेवाल्याने ‘आरंगेत्रम’ केलं होतं, तो काना काढायला लावला.

कार्यक्रम अडीच तास चालला. तिल्लाना झाला, मुलीने गुरूंच्या पायावर डोकं ठेवलं, आमच्या वहिनी रडल्या. बाहेर चहा घेताना सेलूचे मामा अगदी मनापासून भावाला म्हणाले, "लई भारी झालं बघ. आता पुढचं अरंगेत्रम कधी ठेवायलास?"