लेझरने त्वचा पातळ होते का?

मुरुमांच्या खड्ड्यांवर लेझर केलं की त्वचा कायमची पातळ होते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. खरं तर घडतं त्याच्या उलट.

फ्रॅक्शनल लेझर, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी काम करणारं लेझर, सगळा चेहरा सोलत नाही. यातल्या कार्बन डायऑक्साइड लेझरचा १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण त्वचेतल्या पाण्यात शोषला जातो आणि तिथे साधारण केसाच्या जाडीची उभी छिद्रं पडतात. मधली त्वचा शाबूत राहते, जखम भरून येते ती तिच्याच जोरावर. वरचा थर काही दिवसांत सांधतो. आत मात्र नवं कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) पुढचे ३ ते ६ महिने तयार होत राहतं, म्हणून खड्डा हळूहळू वर येतो.

मग हा समज आला कुठून? पहिले काही दिवस चेहरा लाल असतो, बारीक तपकिरी खपल्या धरतात, ऊन झोंबतं. ते पाहून त्वचा झिजली असं वाटणं साहजिक आहे.

भीती बाळगायचीच तर काळ्या डागांची बाळगा. सावळ्या त्वचेवर ते सहज उमटतात, तेव्हा सनस्क्रीन चुकवू नका आणि खपल्या तर अजिबात काढू नका. सुईने टोचल्यासारखे खोल, अरुंद खड्डे एकट्या लेझरला फारसे दाद देत नाहीत, हेही डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या.