बदामाचं पान टाकीत पडतं तेव्हा

बदामाची पानं तांबडी होऊन गळू लागली की मी पिशवी घेऊन बाहेर पडतो. हा सुक्यामेव्यातला बदाम नव्हे. ज्याची फळं दगडाने फोडून आतली इवलीशी बी आपण लहानपणी खाल्ली, तो देशी बदाम, टर्मिनालिया कटापा. त्याची वाळलेली पानं माझ्या फिशटँकच्या तळाशी पसरलेली असतात आणि पाण्याला फिक्या कोऱ्या चहाचा रंग असतो.

चहाशी हे साम्य वरवरचं नाही. पानातली टॅनिनं पाण्यात उतरतात, त्याच कुळातली द्रव्यं चहालाही तुरटपणा देतात. हेच निसर्गात अवाढव्य प्रमाणावर पाहायचं तर ब्राझीलमधली रिओ निग्रो, म्हणजे शब्दशः ‘काळी नदी’. पुराच्या दिवसांत तिच्या काठचं जंगलच पाण्याखाली जातं. कार्डिनल टेट्रा हा आपल्या दुकानांत दिसणारा लाल-निळा मासा तिथल्या पाण्यातला. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे कुजणाऱ्या पाल्यातून येणारं आम्ल तसंच टिकतं आणि सामू, म्हणजे पीएच, 4 ते 5 इतका खाली असतो.

इथेच बहुतेकांची गफलत होते. पान टाकलं की पाणी आम्लधर्मी होतं, असं सर्रास सांगितलं जातं. पण बोअरवेलच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि पानातून आलेलं थोडंसं आम्ल ते लगेच निष्प्रभ करतं. पाणी तपकिरी होतं, सामू मात्र जागचा हलत नाही. म्हणून पानाकडे औषध म्हणून पाहणं मला पटत नाही. कटापाच्या अर्काने काही जिवाणूंची वाढ रोखल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे, पण तो दाट अर्क वेगळा आणि टाकीतलं एखादं पान वेगळं.

माझ्या लेखी पानाची खरी किंमत त्याच्यावर वस्तीला येणाऱ्यांमुळे आहे. विरघळणारी द्रव्यं पहिल्या काही दिवसांतच बरीचशी निघून जातात. मग बुरशी आणि जिवाणू पानाचा ताबा घेतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ सी. टी. इंगोल्ड यांनी 1942 साली ओढ्यात कुजणाऱ्या पानांवरच्या बुरशींचं वर्णन केलं; त्यांतल्या अनेकींचे बीजाणू चार हातांच्या चांदणीसारखे असतात. टाकीत नेमक्या त्याच बुरशी येतील असं नाही, पण काम तेच चालतं. पानावर बुळबुळीत थर धरतो, तो खायला एकपेशीय जीव येतात, आणि त्यांच्यावर नुकतीच पोहू लागलेली पिल्लं जगतात. पान ही कोरडी भाकरी, तो थर म्हणजे वरचं लोणी. गोड्या पाण्यातल्या छोट्या कोळंब्या तर दिवसभर पानावरच चरत असतात.

पान झाडावरून आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलंच हवं. गळण्याआधी झाड पानातलं बरंचसं नत्र आणि स्फुरद काढून घेतं. हिरव्या पानात ते शिल्लक असतं, साखरही असते. त्यावर जिवाणू भराभर वाढतात, पाणी दुधाळ होतं, प्राणवायू घटतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. फणसाची, पेरूची पानंही चालतात. कण्हेर आणि रुई विषारी, त्यांच्या जवळपासचा पालाही उचलू नका. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या बागेतली पानंही नकोत. घरी आणून धुवायची आणि पाच-दहा मिनिटं उकळायची. त्याने घाण निघते आणि पान लवकर तळाला बसतं. थोडा रंग त्या पाण्याबरोबर जातो, जाऊ द्या. सुरुवात एका पानाने करा आणि आठवडाभर थांबून मगच दुसरं टाका, कारण कुजण्याच्या क्रियेत प्राणवायू खर्च होतो. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो रंग शोषून घेईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

फायटर माशाला याचा सर्वांत जास्त उपयोग होताना मी पाहिला आहे. तरंगत्या पानाच्या आडोशाला नर बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि तिथून हलत नाही. खालची जुनी पानं महिना-दीड महिन्यात विरत जातात, शेवटी नुसती शिरांची जाळी उरते. मी ती लगेच काढत नाही, कारण तिच्यात एखादं पिल्लू बसलेलं असतं.