रोप नेण्याआधी एवढं वाचा

दोन-तीन वर्षांपूर्वी रोपं नेलेलं गिऱ्हाईक कधी कधी तक्रार घेऊन येतं, "झाडं लावली, पण जमीन आहे तशीच, कस वाढला नाही." तक्रार खरी असते. म्हणून आता रोपाबरोबर हा कागदही देतो.

हिरडा, ऐन, शिसव ही झाडं सुरुवातीला खाली वाढतात. शेंडा वीतभरच सरकलेला दिसतो, मुळी मात्र खोल चाललेली असते. या काळात झाड जमिनीला देत नाही, घेतं. देणं सुरू होतं पानगळीपासून. मुळांनी खालून ओढलेला चुना, पालाश (पोटॅश) पानात येतो आणि पान कुजलं की वरच्या मातीत उतरतो. गगनबावडा, राधानगरीकडच्या तांबड्या मातीत तर सगळी भिस्त यावरच, कारण तिथला पाऊस मातीतलं अन्न धुऊन नेतो. दाजीपूरच्या रानात पायाखालचा पाला हाताने सारून बघा. वर काळपट भुसभुशीत थर, जरा उकरलं की तांबडी माती. पुंजी काय ती त्या थरात.

तेव्हा झाडाखालचा पाला जाळू नका. तरव्यासाठी, म्हणजे भाताची रोपं करायला, पालापाचोळा जाळून जमीन भाजता, तेव्हाही हा पाला सोडा. जाळल्यावर नत्र (नायट्रोजन) धुरात जातं आणि उरलेली राख पहिल्या वळवात वाहून जाते.

शिरीष, पांगाऱ्याचा मऊ पाला लवकर कुजतो. ऐन, जांभळाचा जाड पाला बरेच महिने पडून राहतो, पण उन्हाळ्यात ओल धरतो. दोन्ही प्रकार मिसळून लावा.

शेंग लागते म्हणजे झाड हवेतलं नत्र धरतंच, असं नाही. बहावा आणि आपटा शेंगेचेच, पण त्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. करंज, शिरीष, शिसव, पांगारा, खैर यांना येतात. खात्री करायची तर पावसाळ्यात रोपाजवळची बारीक मुळं हलक्या हाताने उकरा आणि एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर काम चालू आहे. बहावा फुलांसाठी जरूर न्या, खतासाठी नको.

शिरोळकडच्या क्षारपड रानासाठी आम्ही करंज देतो, तो खारात तग धरतो. पण पाण्याचा निचरा केल्याशिवाय नुसत्या झाडाने क्षार हटत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

उसावर सावली नको असेल तर उत्तरेच्या बांधावर लावा. सावली शेजाऱ्याच्या रानात जाईल, म्हणून त्याच्याशी आधी बोला!

लागण पावसाने जमीन चांगली भिजल्यावर करा. पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने उभी फाडा. तळाशी मुळीचं वेटोळं दिसलं तर तेवढं कापून टाका, नाहीतर झाड पुढे वाऱ्याने कलंडतं. वेटोळं फारच जाड असेल तर रोप तसंच परत आणा, बदलून देऊ.