तो माणूसच तसला? कमेंट, डिसलाइक आणि सोमवारची रात्र

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा कोणीतरी फक्त एवढंच विचारलं होतं की उद्या पाणी किती वाजता येणार, आणि अर्ध्या तासात विषय पार्किंग, भटकी कुत्री, मागच्या कमिटीचा हिशोब असा फिरत फिरत दोन काका एकमेकांची अक्कल काढण्यापर्यंत पोचला. अ‍ॅडमिनने एकाला उडवलं. सगळे म्हणाले बरं झालं, तो माणूसच तसला. मलाही तेच वाटलं.

पण हे 'तसला' प्रकरण जरा गडबडीचं आहे. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी यावर एक मस्त प्रयोग केला होता. ६६७ लोक घेतले, साधेसुधे, ट्रोल वगैरे कोणी नाही. त्यांना आधी एक क्विझ दिली, काहींना सोपी आणि काहींना मुद्दाम डोक्यावरून जाणारी, वर परत "तुम्हाला इतरांपेक्षा कमी मार्क पडले" असं सांगून त्यांची चिडचिड वाढवली. मग एक बातमी वाचायची आणि खाली कमेंट टाकायची. तिथे आधीच ३ कमेंट होत्या, काहींना त्या सरळ दिसत होत्या आणि काहींना खोचक, भांडखोर. मूड बरा आणि वरच्या कमेंटही सरळ असतील तेव्हा ३५ टक्के कमेंट ट्रोलिंगमध्ये मोडल्या (तेही कमी नाही म्हणा!) आणि मूड खराब, वर कमेंटही घाणेरड्या, असं दोन्ही जमून आलं तेव्हा ६८ टक्के. जवळजवळ दुप्पट, आणि कोणाला कुठला गट मिळेल हे तर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, म्हणजे स्वभावाला दोष द्यायला जागाच नाही. त्याच टीमने सीएनएनच्या साइटवरच्या दीड कोटीहून जास्त कमेंटही तपासल्या, तर वाईट कमेंट रात्री उशिरा आणि आठवड्याच्या सुरुवातीला जास्त पडतात असं दिसलं. सोमवार सगळीकडे सारखाच!

बरं, मग डिसलाइक द्यावा, माणूस सुधारेल, असं आपल्याला वाटतं ना? उलटं होतं. याच मंडळींपैकी काहींनी २०१४ मध्ये चार साइट्सवरचा डेटा बघितला. साधारण सारख्याच दर्जाचं लिहिणाऱ्यांच्या जोड्या लावल्या, एकाला लोकांनी झोडपलेलं आणि दुसऱ्याला नाही. झोडपलेला माणूस पुढे जास्त लिहायला लागला, आधीपेक्षा वाईट लिहायला लागला आणि दुसऱ्यांना डिसलाइकही जास्त द्यायला लागला. कौतुक झालेल्यांच्या लिखाणात मात्र तसा काही खास फरक पडला नाही. आणि सोडून कोण जातं, तर ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही ते. थोडक्यात तुमचा डिसलाइक त्याला हाकलत नाही, खायला घालतो.

लाइकचीही गंमत आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला, एका बातम्यांच्या साइटवर ५ महिने चाललेला, १ लाखाहून जास्त कमेंटवर. काही कमेंटना संशोधकांनी आल्या आल्या एक खोटा लाइक चिकटवला, चिठ्ठी टाकल्यासारखी कुठलीही कमेंट उचलून. पुढचा माणूसही लाइक देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचा स्कोर सरासरी २५ टक्के जास्त निघाला. खोटा डिसलाइक मात्र टिकला नाही, लोकांनी वरून लाइक देऊन तो भरून काढला. तेव्हा हजार लाइकवाली पोस्ट बघून भारावायच्या आधी तिला पहिला लाइक कोणी दिला, लेखकाच्या मेहुण्याने तर नाही, हा प्रश्न वाजवी आहे.

मग चालतं काय? मला सगळ्यात आवडलेलं उत्तर फारच साधं निघालं. रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या विज्ञानाच्या ग्रुपमध्ये, तेव्हा १ कोटी ३० लाख सदस्य असलेल्या, नेथन मटायस या संशोधकाने २,००० हून जास्त चर्चांपैकी काहींच्या डोक्यावर एक सूचना चिकटवली, इथे काय चालतं, काय चालत नाही आणि काय काढून टाकलं जाईल. बस. नवख्या लोकांचं नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्के पॉइंटहून जास्त, म्हणजे दर शंभरामागे आठाहून जास्तने वाढलं. आता तुम्ही म्हणाल की लोक पाटी बघून घाबरून गप्प बसले असतील, तर तसंही नाही, नवख्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. हे नियम आधीही होतेच हो, फक्त लिहायच्या क्षणी डोळ्यासमोर नव्हते.

आमच्या ग्रुपचे नियमही आहेत, डिस्क्रिप्शनमध्ये, जिथे ग्रुप बनवणारा सोडून आजवर कोणी गेलेलं नाही. ते वर पिन करा म्हणून अ‍ॅडमिन काकांना सांगितलं तर म्हणाले, तूच कर, घे तुला पण अ‍ॅडमिन करतो. केलंय. रविवारी रात्रीच केलंय, सोमवार यायच्या आत.