बर्फात टिकलं ते दादरच्या ओलीत बुरसटलं

आमच्या दादरच्या घरात पश्चिमेच्या भिंतीवर दोन फ्रेमा शेजारीशेजारी होत्या. एकीत आजी-आजोबा, लग्नानंतर गिरगावातल्या स्टुडिओत जाऊन काढलेला कृष्णधवल फोटो. दुसरीत ‘एन्ड्युरन्स’ जहाज. हे मी हौसेनं प्रिंट करून घेतलेलं: काळीकुट्ट ध्रुवीय रात्र, मधोमध पांढरंफेक जहाज, दोरखंड न् दोरखंड हिमानं लगडलेला. जुलैत भिंतीला ओल आली. गणपतीआधीच्या साफसफाईत फ्रेमा उतरवल्या तेव्हा जहाजामागच्या आभाळात तपकिरी ठिपके उगवले होते आणि आजोबांचा डावा खांदा काचेला चिकटला होता. मी नखानं कोपरा उचलायला गेलो. “ओढू नकोस रे, सालपट निघेल!” आई ओरडली, आणि तिचं बरोबर होतं.

जहाजाचा तो फोटो २७ ऑगस्ट १९१५चा. ध्रुवीय शोधक शॅकल्टनच्या मोहिमेचं हे जहाज जानेवारीपासून अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं होतं. छायाचित्रकार फ्रँक हर्ली यानं अंधारात वीसेक ठिकाणी फ्लॅशची पूड उडवून ते उजळवलं. त्या लखलखाटानं दिपून तो बर्फाच्या उंचवट्यांत ठेचकाळत, भुसभुशीत हिमात रुतत फिरत होता. ऑक्टोबरात जहाज चिरडलं गेलं. काचेच्या निगेटिव्ह झाळलेल्या डब्यांत होत्या, पण डबे पाण्याखाली. हर्ली कपडे उतरवून त्या बर्फाळ पाण्यात शिरला आणि डबे बाहेर काढले. पुढे वजन परवडेना, तेव्हा शॅकल्टनसोबत बसून सुमारे १२० काचा ठेवल्या आणि ४००च्या आसपास फोडल्या. फोडल्या अशासाठी, की नंतर मन बदलायला नको. उरलेल्या काचा होड्यांतून अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर गेल्या आणि ३० ऑगस्ट १९१६ला सुटका होईपर्यंत तिथेच राहिल्या.

एवढ्यातून जे चित्र वाचलं, त्याची माझी प्रत तीन पावसाळेही काढू शकली नाही.

हर्लीच्या त्या निगेटिव्ह काचांवर आणि आजोबांच्या फोटोच्या कागदावर थर एकच, जिलेटिनचा. गुरांची हाडं-कातडी उकळून काढलेला. सुतार वापरतात त्या सरसाचा हा शुद्ध केलेला भाऊ. त्यात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश पडला की कणात चांदीचे मोजके अणू सुटे होतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो धुण्याच्या रसायनात, घातल्यावर नेमके तेच कण काळे होतात. जिलेटिन पाणी पितं, फुगतं, चिकट होतं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेची आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. काचेला टेकलेला थर अशा हवेत मऊ पडतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळून पक्का बसतो. सरसच तो, चिकटणारच. उष्ण प्रदेशांत फोटो धुताना हा थर वितळू नये म्हणून तुरटीच्या जातीचं रसायन घालून तो घट्ट करत. जहाजाची माझी प्रत मात्र शाईची, तिच्यावर चांदी नाही की जिलेटिन नाही. तिथे बुरशीनं कागद आणि त्यावरची खळ खाल्ली.

थंडी काय करू शकते हे हर्लीपेक्षाही भारी दाखवलं निल्स स्ट्रिंडबर्गनं. जुलै १८९७मध्ये आंद्रे, फ्रँकेल आणि तो, असे तीन स्वीडिश बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले. बलून तीन दिवसांत बर्फावर उतरलं आणि पायपिटीनंतर तिघंही उत्तर ध्रुवाकडच्या क्विटोया बेटावर मेले. फोटो काढणारा होता स्ट्रिंडबर्ग. मृतदेह सापडले १९३०मध्ये, सोबत न धुतलेल्या फिल्म. त्या ३३ वर्षांनी धुतल्यावर ९३ फोटो हाती लागले! पडलेल्या बलूनकडे बघत उभी असलेली दोन माणसं त्यांतच आहेत. म्हणजे ते मोजके सुटे अणू ३३ वर्षं जागच्या जागी राहिले होते. तापमान १० अंशांनी उतरलं की रासायनिक क्रिया साधारण निम्म्या वेगानं चालतात, असा ढोबळ आडाखा आहे. मुंबईचे ३० अंश आणि तिथले सरासरी उणे १० धरले, तर वेग सोळापट कमी. तिथली ३३ वर्षं म्हणजे आपल्याकडची जेमतेम दोन. शिवाय गोठलेलं पाणी बुरशीच्या कामाचं नसतं.

हर्लीची अशी चित्रं घेणार असाल तर एक सांगतो. होडीला हात हलवून निरोप देणारी माणसं ‘सुटका’ म्हणून विकली जातात. ती सुटका नाहीच. २४ एप्रिल १९१६ला मदत आणायला निघालेली ‘जेम्स केअर्ड’ होडी आहे ती. हर्लीनं नंतर निगेटिव्हवर करामत केली. छायाचित्रकार मोठा, पण जोडकामाचा, म्हणजे वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एक चित्र करण्याचा, भारी शौक!

फ्रेमवाल्याला या वेळी जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावायला सांगितला, म्हणजे चित्र काचेला टेकत नाही. फ्रेमेमागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले, भिंत आणि पाठ यांत वारा खेळावा म्हणून. पावसाचा मारा घेणारी बाहेरची भिंत सोडली. जहाज आता पॅसेजमध्ये आहे, बेसिनच्या समोर.

आजी-आजोबांना काचेवरून सोडवलं नाही. काचेसकटच स्कॅन केलं. संगणकावर मोठं करून पाहिलं तर चिकटलेल्या जागी खांद्यावर ओलसर डाग दिसतो, पण त्याच्या शेजारी आजीच्या नथीतले मोती अजून मोजता येतात.